मेणातला जुना तुकडा

जुन्या मापावर कधीही कपडा न बेतणाऱ्या शिंपीणबाई कॅन्सरच्या दवाखान्यात तपासणीच्या खिडकीपाशी बसल्या होत्या. बहिणीचा कॅन्सर पुन्हा उलटला होता; मांडीवरच्या पिशवीत तपासायला द्यायला तिच्या स्तनातल्या गाठीचा, चार वर्षांपूर्वी मेणात जपून ठेवलेला तुकडा होता. पुढच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते.

"माझी गाठ यकृतात पसरली, तेव्हा डॉक्टरांनी तिथला नवा तुकडा मागितला होता ना हो?"

"तुला पुन्हा सुई टोचायची, माझ्या जिवावर आलं. म्हणून घरातला जुनाच दिला. वाटलं, गाठ तर तीच आहे."

"गाठ तीच, पण तिनं गुण बदलले. नवा जनुकीय बदल झालाय, गोळीला दाद देत नाही. तो तुमच्या जुन्या तुकड्यात कुठून दिसणार?"

"रिपोर्ट चांगला आला होता गं."

"आपल्या लग्नातला माझा फोटोही चांगलाच आलाय. तो बघून आजचं वजन सांगा माझं!"

"चुकलं माझं."

"सहा महिने तीच गोळी गिळली मी. तेवढ्यात गाठ हाडांत पोचली. टोचलं असतं तर ओरडले असते, एवढंच. पण माझं ओरडणं तुम्हाला कधी सोसलंय?"



खिडकीतून शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्यांनी पिशवी उघडलीच नाही.

"नवा तुकडा काढायला बहिणीला कधी आणू?"