डबल बेल

देवपूरच्या गुरांच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोघं बसले होते. शेळी घेऊन आलेली एक बाई आणि म्हातारं कुत्रं पायाशी घेतलेले एसटीचे निवृत्त कंडक्टर.

“कुत्राले काय व्हयनं, नाना?”

“कंबर गेली त्याची. चार पावलं चालतो आणि बसतो.”

“मंग फिरनं बंद करा ना.”

“ते नाही बंद होणार. पांझरेकाठी रोज जायचं म्हणजे जायचं.”

“इतलं हायू हायू, थांबी थांबी चालनं तुमले जमस का?”

“नव्हतं जमत. चौतीस वर्षं गाडी वेळेवर काढली मी. आधी साखळी ओढायचो, तो हलायचा नाही. मग त्याच्या गळ्यात घंटी बांधली. बसला की एकदा वाजते, उठताना दोनदा.”

“गाडीनी बेलसारखी?”

“तीच. एक बेल म्हणजे थांबायचं, डबल बेल म्हणजे निघायचं. तो बसला की मीही बसतो. परवा बाभळीवर सुगरणीची घरटी दिसली. तीन वर्षं त्याच वाटेने जातोय, कधी पाहिली नव्हती.”

“नाना, डॉक्टर बलाई राह्यनात तुमले.”

नाना अर्धवट उठले, कुत्र्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसले.

“तुम्ही जा आधी, अक्का. माझी डबल बेल झालेली नाही अजून.”