बेवारस फायली

(खरवई, रविवार सकाळ. देवदत्तचा रेंगाळणारा लॅपटॉप फॉरमॅट करायचाय. कीबोर्डवर त्याची बायको, तेजस्वी.)

तेजस्वी : थांब रे, घाई कसली? सेटिंग उडाल्या की माझ्याच नावाने बोंबलशील.

देवदत्त : अगं, सगळ्या सेटिंग गिटच्या ऑनलाइन बॅकअपमध्ये सेव्ह आहेत. एकूण एक!

तेजस्वी : बघूच. छोटीशी स्क्रिप्ट लिहिलीय. होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं, लपलेलं जे काही आहे ते शोधायचं आणि गिटला माहीत असलेलं वगळायचं. उरेल ते बेवारस.

देवदत्त : काही उरणार नाही. तू चहा टाक, मी चालवतो.

तेजस्वी : चहा तूच टाक. मी एंटर मारलं... अरे वा! डॉट चेस.

देवदत्त : ते... जुनं असेल गं काहीतरी.

तेजस्वी : शुक्रवारी दुपारी बदललंय. दाराला कडी लावून मीटिंग चालली होती ना तुझी? आणि बुद्धिबळ सोडलं म्हणून शपथ घेतली होतीस, ती कुणाची?

देवदत्त : बरं बाई, खेळतो! पण मग कायदा सगळ्यांना सारखा. तुझा लॅपटॉप आण.

तेजस्वी : माझा कशाला? मला कुठे फॉरमॅट करायचाय?

देवदत्त : फाटली ना? दे इकडे... तुझीच स्क्रिप्ट, हा घे एंटर. आयला! तुझ्याकडेपण डॉट चेस? उघडतो थांब. युजरनेम... बारवीची मगर?

तेजस्वी : हं.

देवदत्त : रोज मला धोपटते ती मगर तू? मी तिला काका म्हणतो गं!

तेजस्वी : "काका, पाया पडतो, एक तरी गेम सोडा." उशीत तोंड खुपसून हसले मी.

देवदत्त : म्हणजे चॅटमध्ये जे जे लिहिलं...

तेजस्वी : "बायकोचं कालवण म्हणजे नुसतं बारवी धरणाचं पाणी." त्या दिवशी तुझा वजीर मुद्दाम हाल करून मारला.

देवदत्त : आणि... ते दुसरं?

तेजस्वी : कंपनीने तुला नोकरीवरून काढलं ते? वाचलं.

देवदत्त : मग बोलली का नाहीस?

तेजस्वी : तू काकांना सांगितलंस. मला नाही.

देवदत्त : काकांना सांगणं सोपं होतं, तेजू. तुझ्यासमोर बसलं की जीभच उचलत नव्हती.

तेजस्वी : बस इथे. मला काही माहीत नाही असं समज, आणि पहिल्यापासून सांग.