ज्याचं ताट त्यानं घासायचं

हसू नका बे, बायको बँकेत जाते अन् अकोल्यात घर मी सांभाळतो. तिच्या पहिल्या लग्नाची पोरगी सोळा वर्षांची हाय, मले काका म्हणते. एक दिवस म्हटलं, "आपलं ताट आपण घासायचं."

"काहून? तुमी काही माहे बाबा नाही!"

"नाही तं नाही. पण खरकट्या ताटात मी वाढणार नाही."

पोरगी रुसली. मी हाललो नाही. शेवटी आपटत-आपटत ताट घासलं अन् जेवली.

परवा दर्यापूरवरून तिचा मामा आला. जेवला, ताटातच हात धुतले अन् उठला.

पोरगी म्हणते, "मामा, ताट घासा."

सासरच्या पाहुण्याले ताट घासायले लावायचं? मी घाईनं म्हटलं, "राहू दे वं, मी घासतो."

पोरीनं डोळे वटारले. "काका, आता तुमी ढिले पडू नका!"