कायझर नावाचं बाळ

जर्मनीतल्या एका जन्मनोंदणी कचेरीत एक जोडपं बाबागाडी घेऊन खिडकीपाशी उभं होतं. नवरा आतल्या कारकून बाईंना म्हणाला,

“बाई, मुलाचं नाव कायझर लिहा.”

“साहेब, कायझर म्हणजे सम्राट. पदवी नाव म्हणून चालत नाही.”

“अहो, मुळात ते नावच होतं! रोमच्या सीझरच्या घराण्याचं. पुढचे सम्राट तेच लावत गेले आणि त्याची पदवी झाली. रोमन लोक उच्चारही ‘कायसर’ असाच करायचे.”

“वा! आणि त्या सीझरचं शेवटी काय झालं?”

“मी सांगते, बाई. त्याच्याच माणसांनी त्याला भोसकलं. मला ह्याला बालवाडीत पाठवायचंय.”

“उटा, तू गप्प बस.”

“महिनाभर गप्पच होते. नाव द्यायचा आज शेवटचा दिवस आहे, डेटलेफ.”

एवढ्यात गाडीतून टाहो फुटला.

“घ्या! महाराजांनी भर दरबारात लंगोट भरला. जा, बदलून आण.”

“मीच का?”

“साम्राज्य कोणाला हवंय?”

तो परतला तेव्हा अर्ज भरलेला होता.

“योस्ट? हे तर माझ्या बाबांचं नाव.”

“हो. खोडू?”

त्याने खिशातून पेन काढलं.

“राहू दे. कुठे सही करू? पण घरी मी कायझरच म्हणणार.”

“म्हण की. लंगोट बदलताना तर जरूर म्हण.”