फुटल्या होडीची लदीन

ओरोसच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोन मासे विकणाऱ्या शेजारणी बोलत होत्या.

"फिलू, होडी खडपार फुटली, तरी क्रुसाकडे ती तुमची लदीनीची प्रार्थना गावन देवाचे उपकार मानतलंस?"

"मानतलंय गो सत्यवती. दर वर्षी मानतंय."

"तुझो घोवच नको म्हणता."

"तेका देवान बुडताना भायर काढल्यान. आता तोच देवाक कंजूषपणा शिकयता!"

"लोक हसतले."

"हसांदेत. लदीन झाल्यार चणे वाटतंय. तोंडात चणे आसले की हसूक जमणा नाय."

"तुका देवाचो राग नाय येणा?"

"येता तर! आदी भांडतलंय, मगे गातलंय."

"मगे यंदा रवांदे."

"आणि देवाक काय वाटात? इतकी वर्षा ही बाय फक्त जाळ्यातल्या बांगड्यांसाठी येय होती?"