तो हो म्हणतो तिथून

एडिटर : थांबवू इथे?

ताई : संपला का एवढ्यात?

भाऊ : संपला, ताई. हाच शेवट.

ताई : तुझ्या सिनेमातले बाबा जरा जाडेच आहेत.

भाऊ : आमच्या बजेटमध्ये तेच काका मिळाले.

ताई : आणि पायांवर टाकलेला तो स्वेटर बाबांचाच ना? नेलास तेव्हा मला म्हणालास, थंडी वाजते.

भाऊ : वाजतही होती गं.

ताई : बरं. चांगला झालाय. निघू मी?

भाऊ : एवढंच? शिव्या तरी घाल.

ताई : कशाबद्दल?

भाऊ : सिनेमात बहीणच नाही. दवाखान्यात मुलगा एकटा. श्वासाचं मशीन काढायचं का, असं डॉक्टर त्यालाच विचारतात आणि तोच हो म्हणतो.

ताई : बघितलं की आत्ता.

भाऊ : तिथे तू होतीस. मी परगावी शूटिंग करत बसलो होतो.

ताई : फोन उचललास की. म्हणालास, तुला योग्य वाटेल ते कर.

भाऊ : तेच वाक्य खातंय मला. म्हणून तर लिहिलं हे. निदान पडद्यावर तरी मी तिथे असावं म्हणून.

एडिटर : मी जरा चहाचं बघून येतो.

ताई : बसा हो. तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलंय. त्या मुलाला हो म्हणायला किती वेळ लागला?

एडिटर : बराच. सारखा रडायचा. मग साहेब त्याला म्हणाले, रडू नकोस. दुकानदार पिशवी देऊ का विचारतो, तेव्हा हो म्हणतोस तसं म्हण.

ताई : हे तुला कुठून सुचलं?

भाऊ : तूच सांगितलंस. मी घरी पोचलो तेव्हा. आठवत नाही?

ताई : नाही. पण तसंच म्हणाले होते मी.

(एडिटिंगच्या मशीनचा पंखा चालू आहे.)

भाऊ : ऐक. अजून काही हाताबाहेर गेलेलं नाही. एक दिवस शूटिंग केलं की झालं. बहिणीच्या कामाला एक मुलगी तयार आहे. हो तीच म्हणेल. जसं घडलं तसं.

ताई : नको.

भाऊ : लोकांना कळू दे ना, तू एकटीने काय निभावलंस ते.

ताई : लोकांचं राहू दे. मी हो म्हणाले म्हणून आत्याने माझ्याशी बोलणं टाकलंय, त्याचंही मला काही वाटत नाही. बाबा गेल्यापासून कशाचंच वाटत नाही रे. जेवते, कामावर जाते, झोपते. रडूसुद्धा येत नाही.

भाऊ : मग नको का म्हणतेस?

ताई : तेव्हा मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. उत्तर द्यायचं होतं ना. मग ते कसं काढतात, किती वेळ लागतो, तेच विचारत बसले. बाबांकडे बघायचं राहूनच गेलं. आज उत्तर त्या मुलाने दिलं, म्हणून मी मोकळी होते बाबांकडे बघायला.

भाऊ : ताई...

ताई : असू दे तसंच. अहो, परत लावता का? तो हो म्हणतो तिथून.

भाऊ : पण ते बाबा नाहीत, ताई.

ताई : माहीत आहे रे. स्वेटर तर त्यांचाच आहे.