बैल बसला तिथलं वळण

आजच्या सत्काराचे अध्यक्ष आदरणीय विष्णुपंत, बांधकाम खात्यातून आवर्जून आलेले साहेब, सत्कारमूर्ती भिकाबाई आणि तांड्यातल्या माझ्या मायबाप मंडळींनो, जगन राठोडचा सर्वांना जय सेवालाल.

शिरड शहापूरहून येताना आपल्या नव्या रस्त्याला एक मोठं वळण लागतं. तिथं ना ओढा, ना टेकडी. मग वळण काहून? साहेबांनीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.

तर साहेब, आमचे पूर्वज बैलांवर मीठ लादून या भागातून जायचे. सगळ्यात पुढं चालणाऱ्या बैलाला मारायचं न्हाई, तो बसला की तिथंच मुक्काम, असा रिवाज. एका खेपेला तो वाट सोडून या माळावर चढला आणि बसला. काही केल्या उठेना. तांड्याचे म्होरके खेमा नाईकांनी गोण्या तिथंच उतरवल्या. पुढं रेल्वे आली, मिठाचा धंदा गेला, माणसं इथंच राहिली. एका दमलेल्या जनावराच्या मर्जीवर आपला तांडा वसला, आणि हे सांगताना माझी छाती फुगते.

आता रस्ता सरळ नेला असता, तर भिकाबाईंचं हळदीचं रान वाचत होतं, पण तांडा बाजूला पडत होता. वळण ठेवलं, तर रान मधोमध चिरलं जाणार. ग्रामसभेत आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. कोणत्या तोंडानं मागणार? त्यांचा दिपक तर स्पष्टच म्हणाला, "आई, बैलाची चूक आपण काहून भरायची?"

भिकाबाई म्हणाल्या, "व्हय, चूकच. तो बराबर गेला असता तर मी इथं सून होऊन आले नसते, अन् तू बी नसतास. तुझ्या बायकोला, मिनाला, कळा सुटल्या तवा बाजेवर टाकून चिखलातून नेली. इसरलास? रान घ्या, साहेब."

रस्त्यासाठी रान मोकळं करायचं ठरलं. हळद काढायला सगळ्यात पुढं दिपकच होता.

परवा पहिली एसटी आली. कंडक्टरनं थांब्याचं नाव विचारलं. आम्ही सांगितलं, भिकाबाईचं वळण. तर या आमच्यावरच खेकसल्या, "माझं काहून? बैलाचं म्हना."

बाई, आज तुमचं ऐकणार न्हाई. बैल दमला म्हणून बसला होता. तुमी समजून उमजून रान दिलं. पाटीवर तुमचंच नाव रंगवलंय.

कामधंदा सोडून आलात, सर्वांचा आभारी आहे. बोलताना कुठं वाकडंतिकडं गेलो असेन तर पोटात घाला. सरळ जायची आपल्या तांड्याला सवय न्हाई.